जाळीचं कॅबिनेट

आमच्या घरात बरीच वर्षं दिवसा रात्र असायची. नवरा सकाळी कामावरून यायचा, चहा-पोळी खाऊन झोपायचा आणि दिवे लागायच्या सुमारास उठायचा. लोकांसमोर मी त्याला "आमचे मिस्टर" म्हणते. इथे नवरा लिहिते, कारण हे मला कोणाला दाखवायचं नाही.

आधी तो भोसरीकडे एका कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडला. त्या जागेवर आता काचेची उंच इमारत आहे आणि तिच्यात कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं बसतात. नवऱ्यालाही शेवटी तसल्याच एका इमारतीत काम मिळालं, हिंजवडीला, वॉचमनचं. दिवसाची ड्यूटी तिथे तरुण पोरांना देतात, गेटवर दिसायला बरी म्हणून. याला कायमची रात्र दिली.

वारज्यात आमच्या दोन खोल्या आहेत, एक बाहेरची आणि एक स्वयंपाकाची. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्याची लोखंडी खाट होती. तो झोपला की घरात कोणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी चढायला लागली की मी धावत जाऊन गॅस बारीक करायची. नळाला फडकं बांधून त्याचं टोक बादलीत सोडायची, म्हणजे पाणी फडक्यावरून गुपचूप उतरतं. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असायची. वाटण करायचं तर मिक्सरचं भांडं घेऊन शेजारणीकडे. मी ब्लाउज शिवते, पण माझं शिवणयंत्र दिवसा बंद. तो संध्याकाळी उठून अंघोळीला गेला की मग मी पायडलवर पाय ठेवायची.

मुलीला अक्षरं शिकवली तीसुद्धा कुजबुजत. ती शाळेत गेल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "मुलगी हुशार आहे हो, पण तोंडातल्या तोंडात बोलते. घरी कोणी आजारी आहे का?" मी मान हलवून नाही म्हटलं. पुढे सांगायचं होतं, पण मला चार माणसांत बोलता येत नाही, अगदी लहानपणापासून. चौथीनंतर शाळा सुटली. आमच्या गावात पाचवीचा वर्ग नव्हता आणि मुलींना दुसऱ्या गावाला कोण पाठवणार. त्यामुळे गप्प राहणं मला जड जात नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

मुलगी मोठी झाली आणि तिने कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं काढायचं शिक्षण घेतलं. इमारत बांधायच्या आधीच ती कशी दिसेल, हे ती दाखवते. गॅलऱ्या, झाडं, खाली उभ्या गाड्या, वर ढगसुद्धा. बिल्डर लोक तसली चित्रं मोठी करून रस्त्यावर लावतात. कर्वेनगरला अशी चित्रं करून देणारं एक ऑफिस आहे. तिथे तिला ठेवून घेतलं, पण आधी महिनाभर काम बघणार आणि मग ठरवणार. ऑफिस लहान. कायम झालेल्यांनाच तिथे खुर्ची. बाकीच्यांनी स्वतःच्या मशीनवर घरी काम करायचं आणि नेऊन दाखवायचं. तिने क्लासमधल्या एका मैत्रिणीचं जुनं मशीन घेतलं. बाहेरच्या खोलीत खाटेच्या समोरच्या भिंतीला टेबल लावलं आणि त्याच्या खाली ती पत्र्याची पेटी ठेवली. कॉम्प्युटरचे आतले सगळे भाग ज्या पेटीत बसवतात तिला कॅबिनेट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मी आपली डबा म्हणायची.

नवरा म्हणाला, "महिनाभर बघू. ठेवलं तर ठेवलं. नाही तर हे पुरे, मग आईच्या शेजारी बसून हूक लाव."

मुलीने मान खाली घातली, अगदी माझ्यासारखी. तिची ती खाली घातलेली मान मला आवडली नाही. ते मनात राहिलं.

चित्र काढताना मशीनचा फारसा आवाज यायचा नाही. पण चित्र काढून झालं की ते पक्कं करायला लावावं लागतं. त्याला ते लोक रेंडर म्हणतात. आम्ही दोघी म्हणायचो, चित्र शिजायला लावलंय. कारण तिला काही करायचं नसतं, मशीन एकटंच तासन्‌तास हिशेब करत बसतं आणि तापतं. तापलं की आतले पंखे जोरात फिरतात. ते जुनं कॅबिनेट लहान आणि सगळीकडून बंद, पुढे पत्रा, मागे हाताच्या पंज्याएवढा एक पंखा. तो पंखा किंचाळायचा. मग जरा दम घ्यायचा. आपल्याला वाटावं थांबला, तोवर पुन्हा किंचाळायचा.

पहिल्याच दिवशी नवरा खाटेवर उठून बसला. "बंद कर ते."

"बाबा, मधे बंद केलं तर पहिल्यापासून लावावं लागतं."

"मग पहिल्यापासून लाव. मी संध्याकाळी गेलो की लाव."

"सकाळी साहेबांना दाखवायचंय. रात्रीत पुरं होत नाही."

"अगं, मी रात्रभर काय ऐकतो माहीत आहे का तुला? माझं स्टूल त्यांच्या मशीनच्या खोलीबाहेर आहे. कपाटंच्या कपाटं मशीन. रात्रभर घूं घूं घूं. घरी आलो तर इथेही तेच. मी झोपू कुठे, रस्त्यावर?"

त्याचं खोटं नव्हतं. त्याचे डोळे कायम लाल असायचे. झोप हा त्याचा हक्क होता आणि आम्ही इतकी वर्षं तो पाळला होता. म्हणून आम्ही जमेल ते केलं. आवाज दाबायची विद्या आमच्या घरात होतीच. कॅबिनेटखाली पोतं घडी करून ठेवलं, म्हणजे फरशीला हादरा बसणार नाही. टेबलाला पडदा लावला. थोडा फरक पडला. किंचाळणं राहिलंच.

महिन्याचं शेवटचं काम आलं ते मोठं होतं. पंधरा-सोळा मजल्यांच्या दोन इमारती, मधे बाग. सोमवारी ते दाखवायचं आणि त्यावरच ठरणार की तिला ठेवायचं की नाही. शुक्रवारी सकाळी तिने ते शिजायला लावलं आणि काही विचारायला ऑफिसात गेली. मी ब्लाउज पोचवायला गेले. घरी नवरा आणि मशीन दोघंच.

मी परत आले तेव्हा घरात चिडीचूप. नवरा घोरत होता. मला वाटलं, मशीन आज शहाण्यासारखं चाललंय. मग वास आला. टेरिलीनच्या कापडावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. टेबलाखाली वाकून बघितलं तर कॅबिनेट दिसेना. त्याला माझी जाड गोधडी दुहेरी करून चारी बाजूंनी गुंडाळली होती आणि वरून परकराच्या नाडीने आवळून बांधली होती. थंडीतापात माणसाला गुंडाळतात तशी.

गोधडी सोडली. आतून भाकरीच्या तव्यासारखी झळ आली. मशीन बंद पडलेलं होतं. बटण दाबलं, काही नाही.

मुलगी आली. तिने टेबलाखाली हात घालून बघितलं, बटण दाबलं, वायर काढून परत लावली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. तोंडात ओढणीचा बोळा धरून रडत होती. एवढं झालं तरी आवाज होऊ देत नव्हती, बाबा उठतील म्हणून.

ते बघून माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी खाटेजवळ गेले आणि नवऱ्याला हलवून उठवलं. लग्न झाल्यापासून मी त्याला झोपेतून कधी उठवलं नव्हतं.

"अहो, उठा. तुम्ही त्याला गोधडी घातलीत?"

तो डोळे चोळत म्हणाला, "घातली. छान झोप लागली. का?"

"ते जळलं."

त्याचा चेहरा उतरला. पण लगेच आवाज चढला. "मी काय मुद्दाम केलं? आवाज दाबायला तूच नाही का सगळ्याला चिंध्या बांधत? कडीला बांधतेस, नळाला बांधतेस, मी मशीनला बांधली तर माझा गुन्हा?"

"तुमच्या कंपनीत त्या मशीनना गोधड्या घालता का रात्री?"

हे माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. मुलीने ओढणी तोंडातून काढली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तिथे एसी असतो," नवरा म्हणाला.

"इथे एसी नाही. मग निदान हवा तरी राहू दे त्याला."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडेच तोंड ठेवून म्हणाला, "दुरुस्त करून आणा. पण येताना बंद पेटी आणा, जाड पत्र्याची. आवाज आला तर मी स्वतः नेऊन परत देईन."

दुसऱ्या दिवशी शनिवारी आम्ही दोघी ते मशीन चादरीत घेऊन रिक्षाने शनिवार पेठेत गेलो. एका बोळात कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान आहे, मुलीच्या क्लासमधले सगळे तिथेच जातात. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. कॉलेजची चार-पाच मुलं काउंटरला टेकून उभी होती. मालकांनी आमचा नंबर येईपर्यंत आम्हाला उभं ठेवलं, मग मशीन उघडलं आणि आत बघून म्हणाले, "याला काय चादरीत घालून झोपवलं होतं का?"

"गोधडीत," मुलगी म्हणाली.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आम्हा दोघींकडे नीट बघितलं. "मी गमतीने विचारलं होतं."

त्यांनी एकेक भाग काढून तपासला. वीज पुरवणारा आतला डबा जळला होता. बाकी सगळं शाबूत होतं आणि तिचं कामही वाचलं होतं, फक्त पुन्हा शिजायला लावावं लागणार होतं. मुलीने माझा दंड घट्ट धरला.

"डबा बदलून देतो," ते म्हणाले. "पण हे कॅबिनेटही फेका. हे बँकेत पत्रं टाइप करायला ठीक आहे. या ताईंचं काम याच्यात होणार नाही. गोधडी नसती तरी उन्हाळ्यात हे असंच गेलं असतं. कोणतं दाखवू?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिलाही परक्या माणसाशी बोलता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी म्हटलं, "आवाज न करणारं दाखवा."

"आवाज न करणारं? बंद ठेवलेलं. दुसरं काही?"

मुलं हसली. वर्षापूर्वी मी तिथूनच मागे फिरले असते. पण आदल्या दिवशीचा तो ओढणीचा बोळा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, "घरात माणूस दिवसा झोपतो. आणि हिचं मशीन दिवसभर चालतं. दोघांचं जमेल असं दाखवा."

"मावशी, वापरणार कोण?"

"वापरणार ही. ऐकणार मी."

यावर मात्र ते हसले, आणि मग नीट दाखवायला लागले. पहिलं काढलं ते रंगीत दिव्यांचं, पुढे अख्खी काच. "हे सर्वात जास्त खपतं," ते म्हणाले. "पुढून काच, मग हवा जाणार कुठून हे कोणी विचारत नाही. तुम्हाला नको." दुसरं होतं काळं, जड, लग्नातल्या ट्रंकेसारखं. त्याची दारं उघडून दाखवली, आतून जाड फोम लावलेला. पुढेही दार. नवऱ्याने सांगितलेली बंद पेटी ती हीच. तिसऱ्याला पुढून सगळी बारीक जाळी, आत दोन मोठे पंखे, मागे एक.

मी विचारलं, "याला तीन पंखे, मग आवाजही तिप्पट?"

"नाही. लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा सावकाश फिरला तरी भागतं. पण जाळीतून हवा जाते तसा आवाजही बाहेर येतो, तो येणारच. फोमवाल्यात आवाज कोंडतो, पण हवाही कोंडते. थोडा वेळ काम असेल तर तो उत्तम. तासन्‌तास असेल तर आत तापतं आणि मग पंखे वेग वाढवतात. आता मला विचाराल की शांत आणि गार दोन्ही मिळेल का. मिळेल, थोडंथोडं. किती शांत आणि किती गार, ते तुम्ही ठरवायचं. ते मी ठरवत नाही."

"दोन्ही चालू करून ऐकवता का?"

त्यांच्या दुकानात दोन्ही प्रकारची जोडलेली मशीनं मांडून ठेवली होती. त्यांनी चालू केली आणि दोघांनाही काहीतरी जड काम लावून दिलं. मी कान देऊन उभी राहिले. काही कळेना. बाहेर रिक्षांचे हॉर्न, वर छताचा पंखा खडखडतोय, मुलांच्या गप्पा.

मी म्हटलं, "ऐकू येत नाही. वरचा पंखा बंद करता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे म्हटलं, "आणि दारही लावा."

"म्हणजे दुकान बंद करून ऐकायचंय तुम्हाला?"

"हो."

एक मुलगा म्हणाला, "काका, गरम होतंय, पंखा कशाला बंद?"

"तुला होतंय ना? त्या मशीनला पण होतंय," काका म्हणाले. "गप्प उभा राहा. मावशी परीक्षा घेतायत." आणि खरंच उठून त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं आणि छताचा पंखा बंद केला.

एवढी माणसं माझ्यासाठी घाम पुसत गप्प उभी होती. मी मशीनजवळून हलले नाही. सुरुवातीला फोमवाल्यातून काहीच ऐकू येईना. जाळीवाल्यातून एकसारखी घरघर, हलकी, पण येत होती. मुलीचा चेहरा पडला. मला माहीत होतं ती काय विचार करतेय. बाबांना ही घरघर चालायची नाही. तिने फोमवाल्याकडे बोटही दाखवलं. मी म्हटलं, थांब.

बराच वेळ गेला. मग फोमवाल्याच्या आत काहीतरी चढायला लागलं. आधी घूं, मग जरा मोठं घूं, मग खाली, मग पुन्हा वर. आमच्या जुन्या पेटीसारखं किंचाळत नव्हतं, दबका आवाज होता. पण वरखाली होत होता. जाळीवाल्याची घरघर पहिल्यापासून होती तशीच होती.

मी झोपलेल्या माणसाच्या घरात इतकी वर्षं काढली आहेत. माणूस आवाजाने उठत नाही, आवाज बदलला की उठतो. बाहेर रोज पाण्याचा टँकर घरघरत उभा राहतो, त्याने नवरा उठत नाही. टँकर थांबला की उठतो. मालकांना मी एवढं सांगितलं नाही, मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "जाळीचं द्या."

"आई, बाबा काय म्हणतील?" मुलगी कुजबुजली.

"म्हणू दे."

मालकांनी पंखा लावला, दार उघडलं. "विचार करा हो मावशी. घरच्या माणसाला चाललं नाही म्हणून परत घेऊन आलात तर मी घेणार नाही."

"परत आणणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी सगळे भाग त्याच्यात बसवून दिले आणि मुलीला पंख्यांचा वेग कुठे कमी-जास्त करायचा ते दाखवलं. सांगितलं, भिंतीला चिकटवू नका, पाठीमागे वीतभर जागा सोडा, आणि जाळीवरची धूळ आठवड्याला पुसत जा. "आणि कपडे घालू नका त्याला," असं आम्ही पायरी उतरल्यावर मागून ओरडून सांगितलं.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. नवरा झोपला होता. मुलीने मशीन जोडलं, बटण दाबलं, चित्र उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं, बागसुद्धा. तिने शिजायला लावलं. रविवार संपेपर्यंत ते चालणार होतं. घरघर सुरू झाली, दुकानात ऐकली तेवढीच. पण आमच्या खोलीत दुकानापेक्षा ती मोठी वाटली. खोली लहान आणि त्यात दिवसा आवाजाची सवयच नाही.

नवऱ्याने एक डोळा उघडला. "आलात? काय आणलं?" मग उठून वाकून बघितलं. "ही काय चाळणी आणली! बंद पेटी सांगितली होती ना मी?"

"बंद पेटी बघितली. ती तापते."

"तापू दे. आवाज तर येत नाही!"

"तापली की येतो. आणि मग जळते."

"तुला गं कधीपासून कळायला लागलं यातलं? चौथी शिकलीस आणि मला कॅबिनेट शिकवतेस?"

"मला नाही कळत," मी म्हटलं. "दुकानदाराला कळतं. मी ऐकून आणलंय."

"बंद कर ते. मला रात्री ड्यूटी आहे." त्याने मुलीकडे बघितलं. तिचा हात बटणाकडे गेला. खरंच गेला. इतक्या वर्षांची सवय, बाबांनी बंद म्हटलं की बंद.

मी म्हटलं, "हात लावू नकोस."

"मग मी झोपू कुठे?" नवरा ओरडला. हा त्याचा नेहमीचा प्रश्न होता आणि त्याला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं. झोपणार तो इथेच, हलणार बाकी सगळे, असंच चालत आलं होतं.

"आत," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात."

"काय?"

"तुमची खाट हलेल. तिचं टेबल हलणार नाही. उठा."

तो उठला, मला वाटतं नुसत्या नवलाने उठला. मी गादी काढून आत नेऊन टाकली. मग खाटेचं डोक्याकडचं लोखंड धरलं आणि ओढलं. तिच्या पायांना रबर नव्हतं. शहाबादी फरशीवरून ती खाट अशी काही करकरत गेली की माझ्याच अंगावर काटा आला. दिवसाढवळ्या आमच्या घरात एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता. दारात अडकली तेव्हा मी ती एका कडेवर उभी केली, आणखी आवाज झाला. मुलगी उठून मदतीला आली. मी तिला म्हटलं, "तू तिथेच बस. तुझ्या कामाकडे बघ."

शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "काय हो, काय पडलं? भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. खाट हलवतेय."

"आत्ता? ते झोपायच्या वेळेला?"

"हो, आत्ताच."

ती आत डोकावून नवऱ्याकडे बघायला लागली. तो बनियनवर भिंतीशी उभा होता. तिला म्हणाला, "बघा वहिनी, आमच्या घरात आता असं आहे." ती हसत निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं. कळू दे.

स्वयंपाकघरात खाट ओट्याच्या समोर भिंतीला लागली. मधला पडदा ओढला की बाहेरची घरघर तिथे पोचते, पण लांबच्या टँकरएवढी. तो खाटेवर बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "इथे फोडणीचा वास येईल."

"येईल."

"भांडी वाजतील."

"वाजतील. मी काही मुद्दाम वाजवणार नाही. पण आता जपूनही घासणार नाही."

तो आडवा झाला. झोपला की नुसता पडला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी उठून चहा घेतला, गणवेश घातला आणि कामावर गेला. रविवारीही तसाच. माझं मन आतून घाबरत होतं, हे लपवत नाही. पण मी काही खाट परत बाहेर ओढली नाही.

सोमवारी मुलगी चित्र घेऊन कर्वेनगरला गेली. दुपारी आली ती पायऱ्यांवरूनच हाका मारत. तिला ठेवून घेतलं होतं. साहेबांना बागेतल्या झाडांच्या सावल्या आवडल्या म्हणे. नवरा पडद्याआडून म्हणाला, "झालं का मग? आता ऑफिसात खुर्ची देतील ना तुला?"

"हो बाबा. आठवड्यातून चार दिवस तिकडे. दोन दिवस घरून."

"मग झालं तर." तो खाटेवर उठून बसला. "चार दिवस ते मशीन बंदच राहणार. खाट बाहेर घ्या. मला इथे गुदमरतं, खिडकी नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिने आढेवेढे न घेता होकार दिला असता, त्या आनंदात तिने काहीही दिलं असतं. मी कणीक मळत होते.

"खिडकी नाही ते खरं आहे," मी म्हटलं. "टेबलपंखा तुमच्याकडे घ्या. खाट आहे तिथेच राहील."

"दोन दिवसांच्या कामासाठी कायमची खाट आत?"

"हो," मी म्हटलं. "दोन दिवसांच्या कामासाठी."